मुंबईच्या तळ्यांतले न जपता येणारे जीव

विज्ञानाच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज एक प्रश्न घेतोय. ऐकायला साधा आहे. एखादा जीव सापडला, तर तो सापडला हे पुढच्या पिढीला दाखवायचं कसं?

फुलपाखरू असेल तर टाचणी टोचून पेटीत ठेवता येतं. साप असेल तर बरणीत, झाड असेल तर कागदावर दाबून. दीडशे वर्षांनी कुणीही संग्रहालयात जावं, पेटी उघडावी आणि बघावं. पण समजा तो जीव मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा आहे. हाड नाही, कवच नाही, सगळा देह एकाच पेशीचा. काचेवरचा थेंब सुकायला लागला की फुटतो आणि दोन मिनिटांत त्याचा मागमूस राहत नाही. असा जीव जपायचा कसा? आणि जपता आला नाही, तर त्याचं नाव कशाच्या आधारावर टिकायचं?

आज ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना सिलिएट म्हणतात. शाळेत पॅरामिशियमचं चित्र सगळ्यांनी काढलेलं आहे. चपलेच्या तळव्यासारखा आकार आणि कडेनं बारीक बारीक केस. तोच हा गट. त्या केसांना लॅटिनमध्ये सिलियम म्हणतात, म्हणजे पापणीचा केस. मराठी परिभाषेत पक्ष्माभिका असा शब्द आहे, आणि पक्ष्म म्हणजेही पापणीचा केस. हे केस वल्ह्यांसारखे हलवत हे जीव पोहतात, त्याच केसांनी पाण्याचा भोवरा करून बॅक्टेरिया तोंडात ओढतात. आजपर्यंत सुमारे आठ हजार प्रजातींची वर्णनं झालेली आहेत. गोड्या पाण्यात, समुद्रात, ओल्या मातीत, गाईच्या पोटातसुद्धा ते असतात. आणि जिथे गोडं पाणी खाऱ्याला भेटतं त्या मचूळ पाण्यातही असतात. तिथल्या सिलिएटांच्या नोंदी आपल्याकडे फार तुटक आहेत.

मी बोलतोय रायपूरजवळच्या उरल्यातून. इथून कुठल्याही दिशेला गेलात तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग खाडीच्या पाण्याशी माझा काय संबंध? एक म्हणजे माझं काम. उरला हा कारखान्यांचा भाग आहे आणि सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं रोजचं काम. त्या थेंबात सिलिएट असतात. दुसरं म्हणजे नदी. इथलं पाणी खारून नदीला जातं, खारून शिवनाथला, शिवनाथ महानदीला. महानदी ओडिशात शिरून हिराकूडचं धरण ओलांडते आणि तिच्या दया, भार्गवी अशा फाट्यांचं पाणी चिलिका सरोवरात मिसळतं. तिथे ते मचूळ होतं. म्हणजे उरल्यातल्या पाण्याचाही शेवट, काही अंशी का होईना, मचूळच आहे.

आता इतिहासाकडे वळू.

हे जीव पहिल्यांदा माणसानं पाहिले ते हॉलंडमध्ये. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक. स्वतः घासलेल्या भिंगातून त्यानं पावसाचं पाणी पाहिलं, मिरे भिजवलेलं पाणी पाहिलं, आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहिलं. त्या पत्रात समुद्राच्या पाण्याचीही निरीक्षणं आहेत. म्हणजे गोडं आणि खारं, दोन्ही पाणी पहिल्या दिवसापासून या अभ्यासात आहेत. पुढे भिजवणीच्या पाण्यात सापडतात म्हणून या जीवांना इन्फ्युसोरिया असं नाव पडलं. डेन्मार्कच्या ओटो म्यूलरनं त्यांची पद्धतशीर वर्गवारी केली. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७८६ साली आलं. त्याच्या शीर्षकातच नदीतले आणि समुद्रातले इन्फ्युसोरिया असे दोन्ही शब्द आहेत.

मग १८३८ साली बर्लिनच्या एरेनबर्गचा जाडजूड ग्रंथ आला. त्याचं म्हणणं असं की हे जीव लहान असले तरी पूर्ण प्राणी आहेत, त्यांना अनेक पोटं आहेत. त्यानं त्यांना नीळ आणि किरमिजी रंग खायला घातला होता. शरीरात रंगाचे गोळे दिसले, त्यालाच तो पोटं समजला. फ्रान्सच्या द्यूजार्दँनं ते खोडून काढलं. पोटंबिटं काही नाहीत, आत एक चिकट जिवंत पदार्थ आहे, एवढंच. १८४५ साली झीबोल्टनं सांगितलं की हे एका पेशीचे प्राणी आहेत. एका पेशीत अख्खा प्राणी मावतो की नाही, हा त्या काळातला मोठा वाद होता. आणि तो तापलेला असतानाच मुंबईत एक माणूस मायक्रोस्कोप घेऊन बसला होता.

हेन्री जॉन कार्टर. जन्म १८१३, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, बडली सॉल्टर्टन नावाच्या समुद्रकाठच्या गावात. १८४२ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात डॉक्टर म्हणून आला. मध्ये दोन वर्षं पॅलिन्यूरस या जहाजावर अरबस्तानच्या किनाऱ्याच्या पाहणीला गेला. परत आल्यावर १८६२ पर्यंत मुंबईत. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो सचिव होता. मुंबई बेटाच्या भूगर्भावर त्यानं लिहिलं, पश्चिम भारताच्या भूशास्त्रावरचे निबंध १८५७ साली संपादित केले. पण त्याचं खरं प्रेम होतं पाण्याच्या थेंबावर.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. नळ नव्हता. विहारचं पाणी शहरात आलं ते १८६० च्या सुमारास. त्याआधी सगळं शहर विहिरी आणि तळी यांवर जगत होतं. बेटाच्या चारी बाजूंना समुद्र, मधे भराव घातलेली खाजणं, त्यामुळे अनेक विहिरींचं पाणी मचूळ. पावसाळ्यात तळी तुडुंब, मे महिन्यात काहींचा तळ उघडा पडून भेगाळलेला. त्याच तळ्यावर धुणं, गुरं, आंघोळ, पिण्याचं पाणीही तिथूनच. आणि याच पाण्यातून नारू व्हायचा. माणसाच्या पायातून दोन-अडीच फुटांचा कृमी बाहेर यायचा. कार्टर डॉक्टर होता, त्यानं हे रुग्ण पाहिले होते. तळ्यातल्या सूक्ष्म कृमींचा नारूशी काही संबंध आहे का, हे तो शोधत होता. तो दुवा त्याला सापडला नाही. पुढे १८७० च्या सुमारास रशियन संशोधक फेदचेन्को यानं दाखवलं की नारूची पिल्लं सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचरातून माणसात जातात. भारत नारूमुक्त जाहीर झाला तो २००० साली. हे सांगायचं कारण एवढंच की तळ्याचा थेंब बघणं हा त्या काळी रिकामपणचा उद्योग नव्हता.

कार्टरनं काय काय नोंदलं ते बघा. १८४९ साली मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांचं वर्णन. १८५६ साली लंडनच्या ॲनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी या नियतकालिकात मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या इन्फ्युसोरियांवर सविस्तर टिपणं. त्यांत या जीवांची बाहेरची साल, आतला पदार्थ, मधूनमधून आकसणारी पाण्याची पिशवी, केंद्रक, असा एकेक भाग घेऊन चर्चा आहे. १८५८ साली मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी लाल का होतं यावर निबंध. त्यानं दाखवलं की हा रंग एका सूक्ष्म जीवाचा आहे, आणि त्याला त्यानं पेरिडिनियम सँग्विनियम असं नाव दिलं. १८५९ साली व्हॉल्व्हॉक्सवर. त्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि पुढे १८७२ साली त्याला तिथलं रॉयल पदक मिळालं.

त्याच्याजवळ साधनं काय होती? एक मायक्रोस्कोप, उजेडाला सूर्य किंवा दिवा, आणि पेन्सिल. कॅमेरा नाही, रंगद्रव्यांची आजची पद्धत नाही. थेंबातला जीव जिवंत असेपर्यंत बघायचा, पळत असताना बघायचा आणि चित्र काढायचं. जीव गेला की पुरावा गेला. मागे राहतं ते फक्त चित्र आणि मजकूर.

आता या चित्रांचं पुढे काय झालं, त्याच्या दोन कथा आहेत.

पहिली कथा व्हॉल्व्हॉक्सची. हा सिलिएट नाही, हिरवं शेवाळ आहे. हजारो पेशींचा पोकळ गोळा पाण्यात गडगडत फिरतो. पण त्या काळी त्यालाही इन्फ्युसोरियांतच धरत. कार्टरनं मुंबईतल्या व्हॉल्व्हॉक्समध्ये नर आणि मादी पेशींचा संयोग कसा होतो ते इतकं नेमकं लिहिलं आणि रेखाटलं की प्रागच्या स्टाइनला त्यावरून समजलं, ही युरोपातल्या नेहमीच्या प्रजातीपेक्षा वेगळी प्रजाती आहे. १८७८ साली त्यानं तिला व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी असं नाव दिलं. १९३३ साली मद्रासच्या अय्यंगार यांनी तिचाच एक प्रकार वर्णन केला आणि नगरी या गावावरून त्याला नागरिएन्सिस म्हटलं. आज एका पेशीपासून अनेक पेशींचा देह कसा घडला हे समजून घ्यायला जगभरच्या प्रयोगशाळा हेच व्हॉल्व्हॉक्स वापरतात. २०१० साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. मुंबईतल्या पाण्याच्या थेंबापासून सुरू झालेली नोंद, आणि नाव आजही जिवंत.

दुसरी कथा सिलिएटांची, आणि ती इतकी सुखाची नाही. सिलिएट ओळखायचा तर त्याच्या अंगावरच्या केसांच्या रांगा मोजाव्या लागतात. किती रांगा, कुठून सुरू, कुठे संपतात, तोंडाभोवतीची झालर कशी वळते, मोठं केंद्रक किती तुकड्यांचं, लहान केंद्रकं किती. जिवंत जीवात यातलं निम्मं दिसत नाही. ते दिसायला लागलं १९२६ नंतर, व्हिएन्नाच्या ब्रूनो क्लाइननं चांदीच्या क्षाराचा उपयोग शोधला तेव्हा. सिल्व्हर नायट्रेटनं सिलिएटाच्या अंगावरची सगळी जाळी काळी उमटते, जुन्या फोटोत चेहरा उमटावा तशी. १९३० साली शातों आणि ल्वॉफ या फ्रेंच जोडीनं ती पद्धत आणखी सुधारली. त्यानंतर जुन्या चित्रांकडे परत बघितलं तर अडचण उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातलं चित्र सुंदर आहे, पण रांगा मोजलेल्या नाहीत. मग ते आजच्या कुठल्या प्रजातीशी जुळवायचं? जगभरातली कितीतरी जुनी सिलिएट नावं यामुळे संशयास्पद म्हणून बाजूला पडली.

अशा वेळी एकच उपाय असतो. मूळ ठिकाणी परत जायचं. जिथून पहिल्यांदा तो जीव मिळाला त्याच तळ्यातून, त्याच प्रकारच्या पाण्यातून तो पुन्हा मिळवायचा आणि नव्या पद्धतीनं पुन्हा वर्णन करायचं. टाचणीवरचं फुलपाखरू हरवत नाही. सिलिएटाच्या बाबतीत त्याचं तळं हेच संग्रहालय.

आणि मुंबईत नेमकं तेच नाहीसं झालं. नळ आल्यावर तळ्यांची गरज कमी झाली. मग हिवताप आणि डास यांचा संबंध कळला. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करून अहवाल दिला, त्यात विहिरी आणि साठलेलं पाणी यांच्यावर बोट ठेवलं. काही तळी आधीच बुजवली होती, बाकीची नंतर बुजली. आज धोबी तलावला तलाव नाही. सी. पी. टँकला टँक नाही. दोन टाकीला टाकी नाही. गवालिया टँकच्या जागी मैदान आहे, जिथून १९४२ साली भारत छोडोची हाक दिली गेली. खारा टँक नावाचा रस्ता आहे, म्हणजे तिथलं पाणी कसं होतं ते नावानं जपलं, पण पाणी गेलं. यात कुणाला दोष द्यावा असं नाही. माणसं तापानं मरत होती. तळी बुजवणं ही तेव्हाची गरज होती. पण त्याबरोबर एक अख्खा संदर्भ पुसला गेला, आणि त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

का ठेवला नाही? याचं एक कारण मला इथल्या संस्थांच्या इतिहासात दिसतं. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. फार मोठं काम झालं त्या संस्थेत. पक्षी, साप, फुलपाखरं, मासे, वनस्पती. पण जे पेटीत ठेवता येतं, ज्याची कातडी भरता येते, त्याचाच संग्रह होणार. थेंबातला जीव संग्रहात बसत नाही. म्हणून ज्या शहरात १८५६ साली इन्फ्युसोरियांवर इतकं बारीक काम झालं, तिथे त्याची परंपरा मात्र उभी राहिली नाही.

काम पुढे गेलं ते कलकत्त्यात आणि लाहोरात. इंडियन म्युझियममध्ये नेल्सन ॲनंडेल होता. त्यानं १९०७ साली बंगालच्या पोर्ट कॅनिंग इथल्या मचूळ तळ्यांतल्या जीवांवर लिहिलं. आपल्याकडे मचूळ पाण्याकडे एक वेगळं जग म्हणून बघणारा हा सुरुवातीचा अभ्यास. गंमत बघा, तिथे त्याला जो पांढरा स्पंज मिळाला तो स्पाँजिला अल्बाचा प्रकार निघाला, आणि स्पाँजिला अल्बा हे नाव दिलं होतं कार्टरनं, मुंबईच्या नमुन्यांवरून. पुढे ॲनंडेलनं चिलिका सरोवराची मोठी पाहणी हाती घेतली, तिचे निबंध १९१५ पासून प्रसिद्ध झाले. हो, तेच चिलिका, जिथे आमच्या खारूनचं पाणी जातं. १९१६ साली झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा ॲनंडेल त्याचा पहिला संचालक झाला.

त्याच कलकत्त्यात एकेंद्रनाथ घोष यांनी १९१८ पासून इन्फ्युसोरियांवर निबंध लिहिले. आणि १९३६ साली बिहारीलाल भाटिया यांचा सिलिएटांवरचा खंड फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेत लंडनहून प्रसिद्ध झाला. भारत, सिलोन आणि ब्रह्मदेश या सगळ्या प्रदेशातले तोपर्यंत नोंदलेले सिलिएट त्यांनी एका ठिकाणी आणले. आजही भारतातला सिलिएट ओळखायला बसलं की पहिलं पुस्तक हेच उघडावं लागतं. जवळजवळ नव्वद वर्षं झाली. पक्ष्यांच्या पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या ते आठवा, म्हणजे फरक कळेल.

आता मचूळ आणि खाऱ्या पाण्यातल्या एका सिलिएटाची गोष्ट सांगतो, म्हणजे ओळख पटवणं म्हणजे काय ते नीट कळेल. त्याचं नाव फॅब्रिया सलायना. १८९० साली फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ल क्रोआझिक इथल्या मिठागरांतून हेनेगी या शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं. हा पेरूच्या फळासारखा, एका टोकाला निमुळता. तोंडाभोवतीची केसांची झालर गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाते. पुढच्या टोकाजवळ गडद रंगाचा ठिपका असतो आणि तो उजेडाकडे पोहतो. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट खारटपणातही हा मजेत राहतो. पाणी आटत गेलं की स्वतःभोवती कवच करून झोपून जातो आणि पाणी आलं की उठतो.

हे ऐकताना मुंबईकरांना आणि रायगडकरांना काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. मिठागर. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरायचं. आगरी समाजानं पिढ्यानपिढ्या हे केलं. एका मिठागरात खारटपणाच्या पायऱ्या असतात. पहिल्या वाफ्यात खाडीचं पाणी, शेवटच्यात जवळजवळ पाक. प्रत्येक पायरीवर वेगळे जीव. आटत आलेल्या वाफ्याचं पाणी लालसर होतं ते ड्युनालिएला नावाच्या शेवाळामुळे आणि खार आवडणाऱ्या बॅक्टेरियांमुळे. फॅब्रिया ते ड्युनालिएला खाते. पाऊस आला की सगळी पायरी मोडते, आणि पुढच्या हंगामात पुन्हा उभी राहते. मुंबईजवळच्या मिठागरांतली फॅब्रिया १९९० च्या दशकात अभ्यासली गेली. कोळंबी आणि माशांच्या पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून ती मोठ्या प्रमाणात वाढवता येईल का, याचे भारतीय संशोधकांचे प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे फ्रान्समधलं १८९० चं वर्णन वाचून शंभर वर्षांनी आपल्या मिठागरातला जीव ओळखता आला. वर्णन चांगलं असेल तर ते इतक्या लांब पोचतं.

पण इथेच एक मोठा वाद आहे. फ्रान्समधला आणि मुंबईतला जीव खरंच एकच का? १९३४ साली हॉलंडच्या बास बेकिंगनं एक तत्त्व मांडलं की सूक्ष्म जीव सगळीकडे असतात, परिस्थिती ठरवते कुठला वाढेल ते. इंग्लंडचा फिनले आणि डेन्मार्कचा फेन्चेल यांनी ते सिलिएटांना लावलं. इतके लहान, इतके असंख्य, वाऱ्यानं आणि पक्ष्यांच्या पायांनी जगभर पसरणारच. उलट ऑस्ट्रियाचा विल्हेल्म फॉइस्नर, ज्यानं शेकडो नव्या सिलिएट प्रजातींची वर्णनं केली, तो ठामपणे सांगत राहिला की अनेक प्रजाती ठराविक प्रदेशातच असतात, आपण पुरेसं पाहिलेलं नाही. दिसायला सारखे म्हणजे एकच, असंही नाही. १९७५ साली अमेरिकेच्या सॉनबॉर्ननं दाखवलं की पॅरामिशियम ऑरेलिया म्हणून जी एक प्रजाती समजली जायची त्या चौदा वेगळ्या प्रजाती आहेत. दिसायला जवळजवळ सारख्या, पण एकमेकींशी संयोग होत नाही.

मग आज एखादा क्वचित नोंदलेला मचूळ पाण्यातला सिलिएट सापडला तर काय करायचं? पाणी घेतलं त्या जागेची, दिवसाची, तापमानाची आणि खारटपणाची नोंद. जिवंत असताना आकार, रंग, पोहण्याची तऱ्हा, व्हिडिओ. मग चांदीचा रंग देऊन रांगांची मोजणी, एका जीवाची नाही, वीस-पंचवीस जीवांची, म्हणजे कमी-जास्त किती होतं ते कळतं. मग जनुकाचा एक ठरलेला तुकडा वाचणं. आणि शेवटी जुनं वर्णन काढून एकेक मुद्दा जुळवणं. यातला शेवटचा भाग सगळ्यात किचकट, कारण जुनं वर्णन लॅटिनमध्ये असेल, जर्मनमध्ये असेल, आणि चित्र एकच असेल. दुर्मिळ हा शब्द आपण या कामात सहज वापरतो. पण ज्या खाडीत नव्वद वर्षांत एकदाही कुणी सिलिएट बघायला गेलं नाही, तिथे एखाद्याची नोंद नाही म्हणजे तो दुर्मिळ आहे असं म्हणता येत नाही. दुर्मिळ आहेत ते बघणारे.

हे माझ्यासारख्या माणसाला का महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. सांडपाणी शुद्ध करायची ॲक्टिव्हेटेड स्लज नावाची पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. पाण्यात हवा सोडायची, बॅक्टेरिया वाढू द्यायचे, ते घाण खातात. बरीच वर्षं समज असा होता की सगळं काम बॅक्टेरियाच करतात. १९६८ साली इंग्लंडमध्ये कॉलिन कर्ड्स आणि सहकाऱ्यांनी टाक्यांमध्ये सिलिएट नसताना आणि असताना काय होतं ते पाहिलं. सिलिएट नसतील तर पाणी गढूळच राहतं, सोडले की निवळतं. सुटे बॅक्टेरिया ते खाऊन टाकतात. म्हणून टाकीत देठावरची व्हॉर्टिसेला दिसली की आम्ही निश्चिंत होतो, आणि ती नाहीशी झाली की काहीतरी बिघडलंय असं समजतो. पण कारखान्याच्या पाण्यात मीठ जास्त असतं. ते वाढलं की गोड्या पाण्यातले सिलिएट मरतात आणि खार सोसणारे टिकतात. हे टिकणारे कोण, त्यांची मर्यादा किती, हे कळायला मचूळ पाण्यातल्या सिलिएटांची नीट ओळख लागते. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं, तर पुस्तकात लिहिलेली मर्यादा आपल्या टाकीला लागू होणार नाही.

आणि नवं सापडतं कुठे? २००१ साली दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टायलोनिकिया ॲमरमानी ही नवी प्रजाती वर्णन केली. पाणी होतं दिल्लीच्या यमुनेचं. ज्या नदीकडे आपण नाक दाबून बघतो, तिथून. त्यासाठी कुणाला हिमालयात जावं लागलं नाही.

म्हणून मला मुंबईची तळी आठवत राहतात. ती बुजली तेव्हा त्यांत काय होतं ते विचारायला फार थोडे लोक होते. आज मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायचे निर्णय होतायत, कोकणातली खाजणं भरली जातायत, अनेक आगर हंगामाला उघडत नाहीत. घरं लागतात, रस्ते लागतात, हे खरंच आहे. पण वाफा भरण्याआधी एका हंगामात बारा वेळा पाणी घेऊन बघायला फार मोठा खर्च येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो मायक्रोस्कोप, खारटपणा मोजायचं एक साधं उपकरण आणि एक वही पुरते. कार्टरजवळ याहून कमी होतं.

तुमच्यापैकी कुणी खाडीकाठी, मिठागराजवळ, वसईला, उरणला, पेणला, किंवा गोव्यात खाजनाच्या बांधावर राहत असाल, जीवशास्त्र शिकत किंवा शिकवत असाल, तर या वर्षी पावसाआधी एक बाटली भरून आणा. भरतीची वेळ लिहा, जागा लिहा, पाणी किती खारं ते मोजा. जे दिसेल त्याचं चित्र काढा, नाव नाही कळलं तरी चालेल. नाव नंतर कुणीतरी देईल. जागा आणि तारीख मात्र नंतर कुणालाच देता येत नाही.

पुढच्या भागात चिलिकेला जाऊ आणि ॲनंडेलच्या पाहणीबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत नमस्कार.